खिडकीपाशी ही उभी

आमचा धंदा साबणाचा. मोठा कारखाना वगैरे नाही. घराच्या मागे एक लांबट खोली, तिच्यात दोन शेगड्या, तेलाचे डबे, लाकडी साचे आणि भिंतीला लागून फळ्या. साबणाच्या वड्या कापल्या की त्या फळ्यांवर सहा आठवडे सुकत ठेवायच्या. त्याआधी एकही वडी बाहेर द्यायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी. हा नियम हिचा. ही म्हणजे माझी बायको. मी तिला नावाने कधी हाक मारली नाही. मी 'अगं' म्हणायचो, ती 'अहो' म्हणायची, आणि एकतीस वर्षं तेवढ्यात भागलं.

दुसरा नियमही हिचाच. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. सोडा पाण्यात पडला की निमूट विरघळतो. पाणी सोड्यावर पडलं की उसळून अंगावर येतं. हिने हे खडूने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. सोडा कालवणं तिच्याकडे होतं. तेल तापवणं, ढवळणं, साचे भरणं माझ्याकडे.

तिची एक सवय होती. उद्या लागणारं पाणी ती आदल्या संध्याकाळीच निळ्या बादलीत मापून भरून ठेवायची. सकाळी नुसता सोडा घालायचा.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिला कणकण होती. मी म्हटलं, "पडून राहा, आज मी कालवतो." सोडा तोलला आणि निळ्या बादलीत ओतला. तो खडखडला. कोरडा आवाज आला. अंगात ताप असल्यामुळे हिने आदल्या संध्याकाळी बादली भरलीच नव्हती. मी म्हणालो, "अरेच्चा, पाणी राहिलंच की," आणि बाजूची कळशी उचलून वर ओतली. वर वाकून बघतही होतो.

हिने मला नळाखाली ओढलं. अर्धा तास माझं डोकं धारेखाली दाबून धरलं आणि दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या उघड्या ठेवल्या. मी ओरडत होतो, ती हूं की चूं करत नव्हती. तिच्या पांढऱ्या एप्रनचा निळा खिसा माझ्या तोंडाशी होता. नीट दिसलेली ती शेवटची गोष्ट.

पुढे वर्षभर आमचं एकच भांडण चालायचं. ती म्हणायची, "बादली मी भरायला हवी होती." मी म्हणायचो, "पाणी मी ओतलं." पाहुणे गेल्यावर दोघांनीही भांडी घासायला उठावं, तसं आम्ही ती चूक एकमेकांच्या हातातून ओढून घेत होतो.

लोक मला आंधळा म्हणायचे, पण ते पूर्ण खरं नाही. उजवा डोळा गेलाच. डाव्यात उजेड कळायचा, आणि उजेडात काही ठळक असलं तर त्याचा आकार. दूध सांडलेल्या काचेतून बघावं तसं. खिडकी म्हणजे एक उजळ चौकोन. माणूस म्हणजे हलणारा डाग. आणि ही म्हणजे उंच पांढरा आकार, कारण दिवसभर ती एप्रनमध्येच असायची. मी दाराशेजारच्या खुर्चीत बसायचो आणि ती खिडकीपाशी टेबलावर वड्या कापायची. तार साबणातून उतरल्याचा आवाज यायचा आणि पांढरं थोडं वाकायचं, परत सरळ व्हायचं. दिवस बरा जायचा.

दीड वर्षापूर्वी ही गेली. छातीत कफ भरला, आठ दिवस दवाखान्यात होती, नवव्या दिवशी नव्हती. तिचा शेवटचा चेहरा मी पाहिला नाही. हात हातात होता. लोक म्हणाले, "बरंच झालं, तुम्हाला बघवलं नसतं." लोकांना काहीतरी म्हणावंच लागतं.

मुलगी आली. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणापासून ती एका जागी बसली नाही, आणि चावतेही. परगावी नोकरी करायची. आठ दिवसांची रजा काढून आली आणि परत गेलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "साबण कोण करणार, तुम्ही? डोळे मिटून?" आईसारखंच बोलते.

मुंगी आल्यानंतर तीन-चार दिवसांनी मी मागच्या खोलीत जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. सकाळचं ऊन आत आलं, आणि ही खिडकीपाशी उभी होती.

मी वेडा झालो नव्हतो, हे आधीच सांगतो. गेलेलं माणूस येऊन उभं राहत नाही, हे मला कळतं. खिडकीशेजारच्या भिंतीवर खिळा आहे हेही ठाऊक होतं, तो मीच ठोकला होता. खुर्चीपासून तिथवर तीन पावलं. हात पुढे केला असता तर काय ते समजलं असतं. पण ती तीन पावलं मी टाकली नाहीत. एकदाही नाही.

बोलायचो मात्र. "अगं, आज तेल लवकर तापलं." "अगं, मुंगीने वड्या वाकड्या कापल्यात, तू सांग तिला, माझं ऐकत नाही." ती हलत नसे, एवढाच फरक. सकाळी पांढरी, दुपारी पिवळसर, संध्याकाळी राखाडी होत होत भिंतीत मिसळायची. कधी वाऱ्याने खालून जराशी हलायची, तेव्हा मी बोलणं थांबवून वाट बघायचो.

रविवारी ती नसायची. सकाळपासून भिंत रिकामी असे, आणि उजेड जाण्याच्या थोडं आधी ती परत आलेली असे. मी म्हणायचो, जन्मभर हिने रविवारची सुट्टी घेतली नाही. आता घेते, तर घेऊ दे.

सुरुवातीच्या दिवसांत एका सोमवारी तिचे खांदे उतरलेले वाटले. मी म्हणालो, "अगं, दमलीस का? खांदे पडलेत तुझे." मागे मुंगी फळ्यांवरच्या वड्या उलटत होती. तिचा हात मध्येच थांबल्याचं मला ऐकू आलं. पुढच्या सोमवारपासून ही पुन्हा ताठ उभी.

सोमवारी सलूनवाला येतो. शाळेपासूनचा दोस्त. त्याचं दुकान त्या दिवशी बंद असतं, मग तो माझी दाढी करायला येतो आणि दाढीचा साबण घेऊन जातो.

"लेका, हनुवटी वर कर. दाढी आहे की तारेची जाळी?"

"तुझा वस्तरा बोथट, त्यात माझ्या दाढीचा काय दोष?"

"वस्तरा बोथट नाही. तुझ्या साबणाला फेस येत नाही."

"हात चालव, तोंड कमी."

एकदा दाढी झाल्यावर त्याने ओला टॉवेल झटकला. "कुठे टाकू हा? इथे खिळ्यावर..."

"तिथे नको, काका!" मुंगी दुसऱ्या टोकाहून ओरडली.

"भिंतीला ओल आहे तिथे," ती हळू आवाजात म्हणाली. "टॉवेल खराब होईल."

त्या भिंतीला कधी ओल आली नाही. मी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय. पण मीही म्हणालो, "हो, ओल आहे." सलूनवाला म्हणाला, "या घरात साबण खाऊन सगळ्यांची डोकी घसरली आहेत," आणि टॉवेल खांद्यावर टाकून गेला.

मग मुंगीने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. मी जायला तयार नव्हतो, पण मुंगीपुढे कोणाचं चाललंय. बाईंचा आवाज शांत होता आणि हातांना कुठल्यातरी भडक अत्तराच्या साबणाचा वास होता. त्यांनी बराच वेळ डाव्या डोळ्यात उजेड टाकून पाहिलं.

"आतला भाग चांगला आहे," त्या म्हणाल्या. "मागचा पडदाही ठीक. फक्त वरची काच झाकली गेलीय. काळं संपून पांढरं सुरू होतं ना, तिथे डोळ्याला एक गोल काठ असतो. त्या काठात मूळपेशी असतात. त्या जन्मभर नवी त्वचा तयार करून काचेवर पाठवत राहतात, म्हणून काच स्वच्छ राहते. तुमचा काठ सोड्याने जळाला. मग पांढऱ्यावरची त्वचा सरकत आली आणि काचेवर पसरली."

"आता पुसता येत नाही?"

"पुसली तर परत येईल. नवा काठ लावावा लागेल. स्वतःच्या दुसऱ्या डोळ्यातून घेतला तर उत्तम, पण तुमचा उजवाही जळालाय. मग रक्ताच्या नात्यातल्या कोणाच्या तरी डोळ्यातून. अगदी एवढासा तुकडा घ्यायचा आणि लावायचा. जमला तर त्याच्यापासून सगळी काच भरते."

"म्हणजे विरजण," मी म्हणालो.

"काय?"

"शेजारच्या घरून चमचाभर आणायचं आणि आपलं पातेलं लावायचं."

बाई हसल्या. "पंधरा वर्षं लोकांना समजावतेय, इतकं सोपं मला सुचलं नाही. पण लक्षात ठेवा, विरजण परक्या घरचं आहे. शरीर त्याला हाकलायला बघेल. त्यासाठी बरीच वर्षं गोळ्या घ्याव्या लागतील. आणि जमेलच अशी खात्री मी देत नाही."

"विरजण माझ्या डोळ्यातून घ्या," मुंगी म्हणाली.

घरी येऊन मी नाही म्हणालो.

"कारण सांगा, बाबा."

"वय झालं."

"एकसष्ट म्हणजे वय? सलूनवाले काका तुमच्याएवढेच आहेत आणि अजून मिशीला रंग लावतात."

"तुझ्या डोळ्याला सुरी नको."

"दोन मिलिमीटर, बाबा. तुमच्या वड्यांवरून याहून जाड पापुद्रा मी रोज खरवडून टाकते."

"तरी नको."

तिने पुढचे दोन दिवस भांडी जोरात आपटली. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. खरं कारण खिडकीपाशी उभं होतं. मला दिसायला लागलं की तिथे काय असेल, हे मला पुरतं ठाऊक होतं. डोळे आले की ही जाणार. एकदा गेली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारत होते, आणि मी नाही म्हणत होतो.

सोडा कालवायचं काम एव्हाना मुंगीकडे आलं होतं. मी खुर्चीतून तिच्याकडून रोज नियम वदवून घ्यायचो.

"पाण्यात काय?"

"पाण्यात सोडा, बाबा."

"सोड्यावर?"

"सोड्यावर तुम्ही."

अशी थट्टा करायची. मला राग यायचा आणि हसूही.

एका सकाळी तिने नियम म्हटला नाही. मी पेंगलो होतो बहुतेक. आणि मला तो आवाज आला. कोरडा खडखडाट. कोरड्या भांड्यात सोडा पडल्याचा. तीन वर्षांत तो आवाज मी रोज कानात ऐकला होता, आता खोलीत ऐकला.

"ओतू नकोस!" मी उठलो, टेबलावर आपटलो, काहीतरी खाली पडून फुटलं. "पाणी ओतू नकोस! मुंगे!"

"बाबा, काही नाही. अहो, वजन करतेय. नवं पातेलं आणलंय स्टीलचं, त्याचा आवाज आला."

मी आवाजाच्या दिशेने गेलो आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "डोळे उघड. बघू."

बघू म्हणालो, पण बघणार कशाने?

तिचे डोळे माझ्या अंगठ्यांखाली होते. ओले होते. ती म्हणत होती काही झालं नाही, पण हीसुद्धा शेवटपर्यंत म्हणायची की काही झालं नाही. ओलं कशाने आहे, ते मला दिसत नव्हतं. साबण तयार झाला की नाही हे आम्ही जिभेचं टोक लावून बघतो. सोडा उरला असेल तर जीभ चावते. मी तिच्या गालावरचं ओलं बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. खारट होतं. चावलं नाही.

मग मी तिथेच खाली बसलो. म्हणालो, "डॉक्टरीणबाईंना फोन कर."

मुंगीचा जो डोळा बघता यावा म्हणून हो म्हटलं, आता त्यालाच सुरी लागणार, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तोवर मुंगीने तारीख घेतली होती. माझं काम करताना ती मुंगीसारखी नाही, रेल्वेसारखी धावते.

त्या दिवशी आधी तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसलो आणि माझ्या मांडीला चिमटे काढत राहिलो. पाऊण तासाने तिचा आवाज आला, "झालं. मुंगी चावावी तेवढंही दुखलं नाही." एका डोळ्यावर पट्टी असणार, कारण ती चालताना दाराला आपटली. मग मला नेलं.

माझा डोळा बधिर केला होता, पण मी जागा होतो. वर मोठा दिवा होता. एवढा उजेड की त्यात काहीच नव्हतं. बाई काम करता करता सांगत होत्या. आधी काचेवर पसरलेली त्वचा सोलून काढली. मग काहीतरी ओलं, हलकं अंथरलं.

"हे काय?"

"पोटात बाळाभोवती पातळ पिशवी असते, तिचा तुकडा. एका आईने बाळंतपणानंतर दिलेला. याच्यावर पेशी छान धरतात."

"म्हणजे एकसष्टाव्या वर्षी मी परत पोटात."

"बोलू नका, डोळा हलतो." पण त्या हसत होत्या. "आता मुलीचे तुकडे. एकाचे आठ केलेत. गोलात मांडतेय, मधली जागा मोकळी सोडून."

वड्या फळीवर मांडताना आम्ही मध्ये हवेला जागा सोडतो. मला ते बरोबर वाटलं. कोणीतरी मोजत होतं, "पाच... सहा..." आणि दिव्याच्या उजेडात मला पाण्याचा आवाज यायला लागला. ही नळापाशी वाकली होती. निळी बादली भरत होती. पाणी पडत होतं आणि बादली भरत नव्हती, आणि तिला घाई नव्हती. पाठमोरीच म्हणाली, "अहो, पाणी भरून ठेवते हं." मी म्हणालो, "अगं, सावकाश." "आठ," कोणीतरी म्हणालं.

त्यानंतरचे बरेच दिवस मला सलग आठवत नाहीत. डोळ्यावर झाकण, त्याखाली मऊ पातळ भिंग, दिवसातून कितीतरी वेळा थेंब, आणि सकाळी मलम. बाई म्हणाल्या, "सहा आठवडे लागतील. थोडे जास्तच धरा."

"साबणाएवढेच," मी म्हणालो. मला ते समजण्यासारखं होतं. घाईने काढलेली वडी हात जाळते.

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, "मुंगे, माझी खुर्ची फिरव. भिंतीकडे तोंड कर."

तिने का म्हणून विचारलं नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग तिने माझा हात धरून मला बसवलं. खिडकी पाठीशी गेली. ही पाठीशी उभी राहिली. आता नजर कधी साफ होईल ते होवो, मला आपोआप काही दिसणार नव्हतं.

सोमवारी सलूनवाला आला. "शिक्षा झालीय का तुला? भिंतीकडे तोंड करून बसवलंय."

"दाढी कर."

"डोळ्याला फेस लागू देणार नाही, घाबरू नकोस. आणि एक विचार केलास का? मुंगीचा डोळा म्हणजे अर्धा वहिनींचा. आता तू घरभर वहिनींच्या नजरेने बघणार. माझं काही खरं नाही. कल्ल्याचा एक केस राहिला तरी वहिनी सोडायच्या नाहीत."

मी हसलो. तो गेल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो.

पाठ फिरवल्यावर कान मागे लागले. रविवारी सकाळी खिळा करकरला. हलकंच. मग मागच्या अंगणात पाणी पडलं, कापड पिळलं, दोरीवर झटकलं. संध्याकाळी मुंगीची पावलं आली, टाचा न टेकवता. पुन्हा खिळा करकरला. मी झोपल्याचं सोंग केलं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी मोजलं. दीड वर्षाचे रविवार.

नजर भिंतीवरच उतरायला लागली. आधी राखाडीत पांढरे फराटे. दिवसागणिक फराटे बारीक झाले, वेगळे झाले. माझ्यापुढे हिने लिहिलेला नियम होता, हे मी विसरलोच होतो. सातव्या आठवड्यात एका सकाळी मी तो वाचला. पाण्यात सोडा. सोड्यावर पाणी नाही. हिचं अक्षर, उजवीकडे चढत जाणारं. कधी सरळ ओळ लिहिली नाही बाईने.

आणि खाली आणखी एक ओळ होती. लहान अक्षरांत, मी कधी न पाहिलेली. माझे डोळे गेल्यानंतर लिहिली असणार. बादली आदल्या संध्याकाळी भरणे. खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी ती ओळ कितीदा वाचली, सांगता येणार नाही. मग उठलो आणि खुर्ची स्वतः फिरवली.

खिळ्यावर एप्रन होता. त्यात काही आश्चर्य नाही. निळा खिसा धुऊन धुऊन जवळपास पांढरा झाला होता. कापड एवढं विरलं होतं की त्यातून भिंत दिसत होती. नाड्या मागे घेऊन गाठ मारली होती, ही मारायची तशी, एक पीळ जास्त देऊन. आणि आत लाकडी हँगर होता. त्याच्या दोन्ही टोकांना मोज्यांच्या गुंडाळ्या करून दोऱ्याने घट्ट बांधल्या होत्या. खांदे.

मुंगी दारात उभी होती. हातात पातेलं. तीन वर्षांनी मी तिला पाहिलं. बिचारी माझ्यावर गेलीय, तेच नाक. डाव्या डोळ्याच्या काळ्याच्या वरच्या काठाला एक बारीक फिकट रेघ होती, सांगितल्याशिवाय कोणाला दिसणार नाही अशी. मला दिसली.

"तुम्ही म्हणालात ना, खांदे पडलेत," ती म्हणाली.

मी म्हणालो, "हे माझे करडे मोजे आहेत."

"हो."

"दीड वर्ष शोधतोय मी ते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि हसता हसता पातेलं खाली ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. या वेळी ओलं कशाने आहे ते मला दिसत होतं.

त्या रविवारी एप्रन मी धुतला. आमच्याच साबणाने, हलक्या हाताने. मोजे सोडून पायात घातले. एप्रन नुसता खिळ्यावर टांगला. तो आता एप्रनच दिसत होता, चपटा, खांदे नसलेला. मी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघितलं. बोलायला काही सुचलं नाही. मला वाटलं होतं तसंच झालं होतं. ही गेली होती.

पण मलमाची गोष्ट राहिलीच. सकाळी डोळ्यात मलम घातलं की दोन मिनिटं सगळं परत धूसर होतं. त्या रविवारनंतर पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी सवयीने खुर्चीत होतो, तोंड खिडकीकडे. धुकं आलं, आणि त्यात उंच पांढरी ही उभी. खांदे होते की नव्हते, तेवढं कळत नव्हतं. मी म्हणालो, "अगं, अक्षर सुधार जरा." दोन मिनिटांत धुकं विरलं आणि खिळ्यावर एप्रन राहिला.

मग मी रोज मलमाची वाट बघायला लागलो. डॉक्टरीणबाई तपासून खूश झाल्या. काच स्वच्छ, आठही तुकडे धरले होते, तुकडे ओळखूही येत नव्हते. "गोळ्या आणि थेंब चालू ठेवा. मलम आता हातातली नळी संपली की बंद," त्या म्हणाल्या.

"आणखी चालू ठेवलं तर?"

"लोक मला औषध कधी बंद होणार विचारतात. मलमाने दिसायला त्रास होत नाही का?"

"होतो," मी म्हणालो.

मी मलम तांदळाच्या दाण्याएवढं घालायला लागलो. मग मोहरीएवढं. मुंगीने एकदा नळी उजेडात धरून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मग ती जागेवर ठेवली. नळी तरी किती पुरणार. मी तिला पोटाकडून गुंडाळत, दाबत आणलं, आणि एका संध्याकाळी कळलं की उद्याचं तेवढं उरलंय.

त्या संध्याकाळी मी निळी बादली घासून घेतली आणि नळाखाली धरली. माप बघून भरली. वर फळी झाकली.

सकाळी उरलेलं सगळं मलम डोळ्यात घातलं. धुकं आलं. ऊन नुकतंच आत आलं होतं आणि ही खिडकीपाशी उभी होती, उंच, पांढरी, खालून जराशी हलत. मी खुर्चीतून उठलो. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. ती तिथेच होती. तिसरं टाकलं आणि हात पुढे केला.

हातात विरलेलं कापड आलं. उन्हाने कोमट होतं. त्याला आमच्या साबणाचा वास होता.

"अगं, आज मी कालवतो," मी म्हणालो.

एप्रन खिळ्यावरून काढला आणि अंगात घातला. मला तो आखूड होतो. नाड्या मागे नेऊन गाठ मारली, एक पीळ जास्त देऊन. तोवर डोळा निवळला होता. मुंगी मोठा चष्मा घेऊन दारात उभी होती. तो तिने माझ्या नाकावर चढवला, मागचा पट्टा ओढून बघितला.

"पाण्यात काय?" तिने विचारलं.

मी बादलीवरची फळी काढली आणि आत पाहिलं. पाणी होतं. तळाचा निळा रंग दिसत होता. मग हळूहळू सोडा सोडला, आणि तो निमूट विरघळला.